रवळूआण्णाची सतरंजी

खानापूरच्या पुढे, रान सुरू होण्याआधी जे शेवटचं मोठं गाव लागतं, तिथल्या यात्रेत कुस्त्यांच्या मैदानाइतकीच रवळूआण्णाची सतरंजी ठरलेली असे. आखाड्याच्या कडेला, हलगीवाल्यांच्या शेजारी ती अंथरली जाई. तिच्यावर तिळाच्या तेलाची बाटली, बांबूच्या तासलेल्या कामट्या, जुन्या धोतराच्या पट्ट्या आणि मधोमध मांडी घालून आण्णा. वर्षभर भातशेती करणारा हा माणूस त्या एका दिवशी निखळलेले खांदे आणि कोपरं तिथल्या तिथे बसवी. ही विद्या त्याच्या आईची.

माइकवरचा माणूस जोड लावताना म्हणे, "पैलवान, बिनघोर लढा. आण्णा बसलाय." लोक हसत. आण्णाही हसे. आपण बसलोय म्हणूनच पैलवान समोरच्याच्या हाताला जास्तीचा पीळ घालतात, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

गेल्या वर्षी भरमा नावाच्या पैलवानाचं कोपर निखळलं. त्याला सतरंजीवर आणताच दोर तोडून लोक भोवती गोळा झाले. डोक्यांच्या वर फोन. आण्णाने हात धरला, अंगठ्याने सांधा चाचपला, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "आण्णा, जरा दमा, फोकस व्हईना."

आण्णाचा हात थांबला. दोन श्वासांपुरताच. मग त्याने ओढलं, भरमा किंचाळला आणि हाड जागेवर बसलं. त्यावर दुसरा एक जण म्हणाला की एकदा परत करून दाखवा, माझ्याकडं नीट आलं न्हाय. सगळे हसले. भरमा डोळे मिटून पडला होता.

तो व्हिडिओ पार गोव्यापर्यंत गेला. भात कापणीच्या दिवसांत भरमा हात दाखवायला आला. हात सरळ होता, ताकदही होती. पण कुस्ती सोडली म्हणाला. शहरात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला लागला होता. तिथे जेवणाच्या सुट्टीत पोरं त्याची किंकाळी लावत. एकाने तर फोनची रिंगच केली होती. हे त्याने हसत सांगितलं, चहा घेतला, गाडीला किक मारली. मग गाडी बंद केली.

"आण्णा, तुम्ही थांबलासा, ते मला कळलं हुतं."

एवढंच म्हणून तो गेला.

यंदा यात्रा कमिटीचे मारुतीराव पानसुपारी घेऊन आले तेव्हा आण्णाने येत नाही म्हणून सांगितलं. मारुतीरावांना ते खरंच वाटेना. त्या व्हिडिओमुळे यंदा दुप्पट माणसं येणार होती. आण्णासाठी लाकडी चौथरा करायचा, वर तांबडी सतरंजी घालायची, म्हणजे लांबूनही दिसेल, असं ठरलं होतं.

ते गेल्यावर आण्णाची बायको अक्काताई म्हणाली, "तुम्ही न्हाय गेलासा म्हणून कुणाचं हाड मोडायचं ऱ्हाणार हाय व्हय?"

हे खोटं नव्हतं. दोन दिवसांनी आण्णाने निरोप धाडला: येतो, पण देवळामागच्या शाळेच्या खोलीत बसणार. दार लावून. दुखावलेला माणूस तेवढा आत येईल.

मारुतीराव तणतणत आले. "आणि लोकांनी काय बघायचं, आण्णा?"

"कुस्ती," आण्णा म्हणाला.

यात्रेच्या दिवशी त्याने खोलीत आपली जुनीच सतरंजी अंथरली. दुपारी दारात गाडी थांबली. भरमा. आण्णा यंदा दार लावून बसणार हे त्याच्या कानावर गेलं होतं. तो आत आला. दाराला आतून पाठ लावून बसला.

बाहेर हलगी तापली. माइकवरच्या माणसाला आपलं ठरलेलं वाक्य सापडेना, तो देणगीदारांचीच नावं पुकारत राहिला. एक एक जोड सुटत गेली, खोलीकडे कोणी आलं नाही. ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढलं. शेवटी मोठी कुस्ती लागली. बराच वेळ नुसती कुजबुज. मग एकाएकी आरडाओरडा उसळला: "मोड, मोड त्येचा हात!" हजार गळ्यांचा एकच गळा झाला होता.

आण्णा कधी उठला ते त्यालाही कळलं नाही. बाटलीचं बूच निघालं होतं. तो दाराशी आला होता आणि त्याचा कान त्या आवाजामागून येणाऱ्या किंकाळीची वाट पाहत होता.

ती आलीच नाही. ओरडा ओसरला, शिट्ट्या झाल्या. वरच्या पैलवानाने धरलेला हात सोडून दिला, असं माइकवर ऐकू आलं. कुस्ती बरोबरीत सुटली. लोक शिव्या देत उठू लागले.

आण्णाचा हिरमोड झाला. तोंडाशी आलेला घास परत जावा तसा. गेल्या वर्षी ज्यांच्या फोनमध्ये ते नीट आलं नव्हतं, त्यांनाही असंच वाटलं असणार.

त्याने खाली पाहिलं. भरमा मान वर करून त्याच्याकडेच बघत होता.

"बसा की आण्णा," तो हळू म्हणाला. "कोण आलंच तर दार उघडायला मी हाय."

आण्णाने बूच लावलं आणि सतरंजीवर जाऊन बसला.