कंडक्टरबाईंचं विधेयक

माझी नणंद आमदार आहे असं कळलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या चपलांकडे. चपला साध्याच असतात. मग त्याला वाटतं, ही बाई थापा मारतेय. ताई तीनदा निवडून आल्या आणि एवढ्या काळात आमच्या घरात नवं म्हणावं असं एकच काही आलं, ते म्हणजे जिन्याचा कठडा. तोही माझ्या नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी स्वतः बसवलेला. बाकी बाहेरच्या खोलीत सकाळपासून माणसंच माणसं, आणि चहाचं आधण माझ्या डोक्यावर. तक्रार करायला लागले तर दिवस पुरायचा नाही. पण आज तक्रार करायची नाही. आज मला त्यांचे उपकार सांगायचे आहेत, आणि ते त्यांच्या तोंडावर सांगता येत नाहीत. एकदा प्रयत्न केला होता, तर म्हणाल्या, "वहिनी, दारात गर्दी करू नका, पुढे सरका."

राजकारणात येण्याआधी ताई बसमध्ये कंडक्टर होत्या. लग्न केलं नाही. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनीच वाढवलं आणि पायावर उभं केलं. कामगार संघटनेत आधी नुसत्या भांडायच्या, मग भांडणाऱ्यांच्या पुढारी झाल्या, मग नगरपालिकेत गेल्या. पक्षानं विधानसभेचं तिकीट दिलं तेव्हा म्हणाल्या, "आजवर मीच सगळ्यांना दिली, मला पहिल्यांदाच कुणीतरी दिलं." विरोधी उमेदवार भाषणात विचारायचा की तिकिटं फाडणारी बाई कायदे काय करणार. त्याला कल्पना नव्हती की ऐकणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांची म्हातारी माणसं ताईंनी हाताला धरून बसमध्ये चढवली होती. तो पडला तो असा पडला की पुढच्या निवडणुकीला उभाच राहिला नाही.

आमदार झाल्या तरी सवयी गेल्या नाहीत. चहा अजून उभ्यानंच पितात, पाय फाकवून, जणू आत्ता कुणीतरी ब्रेक दाबणार आहे. बैठकीत एखादा अधिकारी नमनालाच घडाभर तेल घालायला लागला की विचारतात, "साहेब, तुम्हाला उतरायचं कुठे?"

आता माझ्या लेकीचं सांगते. ती अडीच-तीन वर्षांची झाली तरी बोलेना. नात्यातल्या बायका म्हणायच्या, बापावर गेलीय, तोही उशिराच बोलला. डॉक्टर म्हणाले, थांबा, घाई कसली. मीही थांबले, कारण ती हसायची, खेळायची, हाक मारली की बरेचदा बघायची. ती पावलांच्या हादऱ्यानं बघते हे कुणाला सुचणार! एकदा आम्ही मायलेकी ताईंच्याच बसमध्ये बसलो होतो. ताईंनी आमच्या मागे उभं राहून शिट्टी फुंकली. सगळी बस दचकली, माझ्या हातातली पिशवी पडली, आणि माझी लेक खिडकीबाहेर बघत राहिली. ताईंनी पुन्हा फुंकली. मग शिट्टी खिशात घातली आणि पुढच्या थांब्यापर्यंत कुणाचंच तिकीट काढलं नाही.

मोठ्या हॉस्पिटलातल्या कानाच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. जन्मल्या-जन्मल्या कळलं असतं तर खूप करता आलं असतं. पोर जन्मतःच ऐकू शकत नव्हती आणि आमची ती वर्षं नुसती वाट बघण्यात गेली. परतताना मी बसमध्ये रडले. ताई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "बाळ जन्मल्यावर वजन करतात, मग कान का तपासत नाहीत?" मी चिडून म्हटलं, "मला काय विचारता? सरकारला विचारा!"

त्यांनी खरंच विचारलं. त्यासाठी आधी त्यांना आमदार व्हावं लागलं, एवढंच.

कायदा बहुतेक वेळा मंत्री आणतात. पण साध्या आमदारालाही आपलं विधेयक मांडता येतं, शुक्रवारी दुपारी, जेव्हा अर्धं सभागृह गावी पळालेलं असतं. पहिल्याच खेपेला ताईंनी विधेयक मांडलं: दवाखान्यात जन्मलेलं कुठलंही बाळ कान तपासल्याशिवाय घरी जाणार नाही. बाळ झोपलेलं असताना कानाला इवलीशी नळी लावायची, की यंत्र सांगतं, ठीक आहे किंवा पुन्हा तपासा. मंत्री उठले. त्यांनी ताईंचं तोंडभरून कौतुक केलं. म्हणाले, सरकार स्वतःच हे करणार आहे, तेव्हा सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. तिथली रीतच तशी आहे. मंत्र्यांनी शब्द दिला की सदस्य आभार मानतो आणि विधेयक मागे घेतो. नव्या नवरीसारख्या ताईही रीत पाळून बसल्या.

घरी आल्या त्या खुशीत. मी ऐकून घेतलं आणि मग माझा तोल गेला. "कोपराला गूळ लावला हो तुमच्या! बसमध्ये फुकट्याला एका नजरेत ओळखायच्या, तिथे काय झालं?" बोलू नये ते बोलले. मंत्र्यांचा शब्द पुढे कुठे गेला ते मंत्र्यांनाच ठाऊक. ते खातंही बदलून गेले.

दुसऱ्या खेपेला विधेयक पुन्हा मांडलं, तर घोडं पैशांवर अडलं. वित्त विभाग म्हणाला, प्रत्येक लहान दवाखान्याला यंत्र देणं परवडणार नाही. आरोग्य खात्यात एक अधिकारीणबाई होत्या, सदा सुतकी चेहऱ्याच्या, पण कामाला वाघ. त्या आणि ताई आमच्या स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसायच्या आणि मला भाजी चिरायला जागा उरायची नाही. बाळंतीण दोन-तीन दिवस तरी दवाखान्यात असतेच. मग यंत्र एका जागी कशाला हवं? ते बसनं फिरू दे. सकाळी या गावी, दुपारी पुढच्या, कंडक्टरच्या शेजारच्या जागेवर, पट्ट्यानं बांधून. पहिल्या फेरीत कंडक्टर ते उतरवायलाच विसरला आणि यंत्र शेवटच्या थांब्यापर्यंत सैर करून आलं. दुसऱ्या फेरीत खड्ड्यांनी रुसलं. अधिकारीणबाईंनी स्पंजाची पेटी बनवून घेतली तेव्हा कुठे ते नीट चालायला लागलं. दोन तालुक्यांत प्रयोग झाला आणि काही बाळं वेळेवर सापडली. पण कायदा नव्हता, त्यामुळे साहेब बदलला की फेरी बंद. विधेयकाचं भिजत घोंगडं तसंच राहिलं आणि सभागृहाची मुदत संपली. मुदत संपली की विधेयकही संपतं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ही तिसरी खेप. ताईंनी घरी सांगूनच टाकलं होतं की गुडघे बोलायला लागलेत, यापुढे उभी राहणार नाही. शेवटचं अधिवेशन, शेवटचा शुक्रवार. आज झालं तर झालं.

लेक आता मोठी झालीय, कपड्यांच्या कारखान्यात नमुने आखते, आणि तिचा हात असा आहे की मालक तिला विचारल्याशिवाय कात्री लावत नाही. आम्ही घरात हातांनी बोलतो. ती म्हणाली, मला बघायला यायचंय. मी तिला समजावलं, अगं, या कायद्यानं तुला काहीच मिळणार नाही. ती म्हणाली, माहीत आहे, तरी मला ते होताना बघायचंय. मग काय, निघालो दोघी.

प्रेक्षकांच्या गॅलरीत जाण्याआधी पिशव्या, पेन, कागद, सगळं दारात काढून घेतलं. आत सज्ज्यात लाकडी बाकं, खाली सभागृह. ताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्या बोलायला उठल्या आणि मी लेकीला हातांनी सांगायला लागले. लगेच गॅलरीचा रक्षक येऊन उभा राहिला.

"बाई, इथे हातवारे करायचे नाहीत. नियम आहे."

"तिला ऐकू येत नाही हो."

"मला कळतंय. पण नियम सगळ्यांना. माझी नोकरी जाईल."

त्याचा तरी काय दोष! वरून कुणी सदस्यांना खुणा करू नये म्हणून तो नियम. मी हात मांडीवर ठेवले. लेकीनं माझ्याकडे बघितलं, मग रक्षकाकडे, आणि समजली. तिच्यासाठी खाली नुसती तोंडं हलत राहिली. मला इतका राग आला की भाषण अर्धं मलाही ऐकू आलं नाही.

मग नवे मंत्री उठले. तेच कौतुक, तेच शब्द. सरकार सकारात्मक आहे, सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. लेक मला कोपरानं ढोसत होती, काय म्हणतोय तो? मला सांगता येईना. ताईंनी मान वर करून आमच्याकडे बघितलं. माझे बांधल्यासारखे हात बघितले, शेजारी उभा रक्षक बघितला.

"अध्यक्ष महाराज," ताई म्हणाल्या, "वर माझी भाची बसलीय. मंत्रीमहोदय काय म्हणाले ते तिला तिची आई सांगू शकत नाही, कारण हातवाऱ्यांना मनाई आहे. घरी गेल्यावर मला सांगावं लागेल. मागे एकदा मी सरकारनं शब्द दिलाय म्हणून विधेयक मागे घेतलं होतं. तेव्हा ती लहान होती. तिनं मला एवढंच विचारलं, मग यंत्र कधी येणार? मी म्हटलं, उद्या. त्यानंतर किती बाळं घरी गेली, अध्यक्ष महाराज, न तपासता! मंत्र्यांवर माझा राग नाही. पण मी मागे घेत नाही. मत घ्या."

सभागृहात कुजबुज झाली. रीत मोडली होती. मंत्री शेजाऱ्याशी काही बोलले, मग मान हलवून बसले. अध्यक्ष म्हणजे करारी माणूस, हसताना कुणी पाहिलेला नाही. तिथे मत आवाजानं घेतात. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणायचं आणि अध्यक्षांनी आवाजाचा अंदाज घ्यायचा. त्यांनी तोंड उघडलं, थांबले, आणि वर गॅलरीकडे बघितलं.

"आज आवाजी मतदान नको," ते म्हणाले. "अनुकूल असलेल्या सदस्यांनी हात वर करावेत."

आधी समोरच्या रांगेत एक म्हातारे आमदार. मग त्यांच्या मागचे. मग विरोधकांची सबंध बाजू, मग इकडचे, आणि शेवटी मंत्र्यांचा हात, कानापर्यंतच, पण वर. लेक कठड्याला टेकून उभी राहिली. खाली हातच हात होते. फक्त एकच हात वर नव्हता, आमच्या ताईंचा. त्या दोन्ही हातांनी डोळे पुसत होत्या आणि आपल्याच विधेयकाला मत द्यायचं विसरल्या होत्या.

लेक कठड्यावरून वाकली. तिनं दोन्ही हात उंच करून हलवले: आत्या, हात! अगं, हात वर कर! रक्षक एक पाऊल पुढे आला. मी त्याच्याकडे बघितलं. तो खाली बघत होता, ताईंकडे, आणि पुटपुटला, "अहो, कुणीतरी सांगा ना त्यांना."

ताईंनी वर बघितलं आणि हात उंचावला.

विधेयक मंजूर झाल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं. मी सवयीनं लेकीकडे वळले, सांगायला. ती रडत हसत होती आणि मलाच हातांनी सांगत होती: आई, झालं.