चंद्रीच्या गळ्यातली अंगठी

सासऱ्यांच्या वडिलांची सोन्याची अंगठी मी स्वतःच्या हाताने एका शेळीच्या गळ्यात घातली, तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सासुरवाडीत याबद्दल आजही दोन मतं आहेत.

माझी सासुरवाडी आखाडा बाळापूरजवळच्या एका खेड्यात. सासरे (त्यांना मी मामा म्हणतो) शेळ्या-मेंढ्यांतच लहानाचे मोठे झाले. लग्नात त्यांनी स्वतःच्या बोटातली, वडिलांची राहिलेली एकुलती एक खूण काढून माझ्या बोटात घातली. "जपा," एवढंच म्हणाले. मी जपली हो! पण त्यांच्याच लेकीच्या हातचं खाऊन माझी बोटं अशी सुटली, की एके दिवशी अंगठी रुतून बसली. साबण, खोबरेल, दोरा, शेजारचे काका, सगळे लावले तेव्हा निघाली, ती परत चढलीच नाही. मग मी ती गळ्यातल्या साखळीत ओवली. (मोबाईलवर एका बाईंनी तसं दाखवलं होतं. बाई फार आत्मविश्वासाने बोलत होत्या.)

अधिक महिन्यात बायकोसोबत धोंड्याच्या जेवणाला गेलो. मी नव्या पांढऱ्या शर्टात अंगणात बाजेवर बसलेलो, आत सासूबाई पुरणाचे धोंडे करताहेत, आणि मामांची नजर माझ्या बोटावर!

"अंगठी कुठंय, जावईबापू?"

"गळ्यात! बोटापेक्षा सेफ." मी ऐटीत बटण उघडून दाखवली.

मामांनी ती चिमटीत धरली. "निस्ती ओवली? बांधली न्हाई?"

"बांधायची काय गरज? हूक पक्का आहे."

"गळ्यातली वस्तू हुकावर ऱ्हात न्हाई, गाठीवर ऱ्हाते. आमी नवी घंटी आधी त्या चंद्रीच्या गळ्यात टाकून बघतो. सांजपर्यंत तिनं पाडली न्हाई, तर ती कुठंबी टिकते. थांबा, ट्रॅक्टरचा नट आणतो. तुमच्या साखळीत घालून बघू."

मामा आत गेले. चंद्री, कपाळावर पांढरा ठिपका असलेली शेळी, खुंट्याला बांधलेली होती.

नट येईपर्यंत थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण मी पडलो शिकलेला माणूस! खरी अंगठी असताना नट कशाला? मी अंगठीसकट साखळी काढून चंद्रीच्या गळ्यात घातली. हूक लावला. मग वाटलं, बांधलेल्या शेळीची कसली परीक्षा? म्हणून दावंही सोडलं.

नेमका तेव्हाच कळप चरायला निघाला होता. चंद्री त्यात घुसली आणि दिसेनाशी झाली.

मामा नट घेऊन बाहेर आले. "चंद्री कुठंय?"

"परीक्षेला गेली."

"अन् अंगठी?"

"तिच्यासोबत."

मामांनी नट खिशात टाकला. ओरडले असते तर परवडलं असतं.

मी अर्धा तास धावलो. दोनदा पडलो. शर्टाचा रंग रस्त्यासारखा झाला. शेवटी बायकोने बांधावर उभं राहून नुसती हाक मारली, तशी चंद्री आपल्या पायांनी चालत आली. गळा मोकळा! साखळी नाही, अंगठी नाही.

"गिळली!" मी जाहीर केलं. (सकाळीच तिने माझ्या बॅगेचा पट्टा अर्धा खाल्ला होता.) मी टोपलं घेतलं आणि चंद्रीच्या मागे उकिडवा बसलो.

"अहो, काय करून राहिले?" बायकोने विचारलं.

"वाट बघतोय."

सासूबाई ताट घेऊन दारात आल्या. "अगं बाई! धोंडे निवून राहिले, अन् जावईबापू, तुमी लेंड्या काहून निवडून राहिले?"

गल्ली जमली. एका म्हातारीने बायकोला हळूच विचारलं, "पयल्यापासून असेच हायत का?"

चंद्रीने हात आखडता घेतला नाही, पण सोनं काही दिलं नाही. आता मात्र मला रडू यायला लागलं. मामांच्या वडिलांचा घरात साधा फोटोसुद्धा नव्हता. होती ती ही अंगठी, आणि ती मी मिरवण्याच्या नादात घालवली होती.

मामांनी खांद्यावर हात ठेवला. "उठा. ती तसलं गिळत न्हाई. चला."

त्यांनी चंद्रीचा खूर उचलून पाहिला आणि चालू लागले. त्या वाटेने चाळीस शेळ्या गेलेल्या. मला नुसती धूळ दिसत होती. मामा मात्र तीच धूळ पेपरासारखी वाचत होते!

"ही चंद्री. उजव्या खुराचं टोक फुटलंय. इथं थांबली, मागं वळून पाह्यलं."

"का?"

"तुमी बोंबलून राहिले असताल."

बरोबर! तिथेच मी पहिल्यांदा पडलो होतो. मी अंगठी विसरलो आणि त्या माणसाकडेच बघत राहिलो. पंधरा वर्षं कचेरीत कागद वाचतोय, पण असं वाचणं जन्मात पाहिलं नव्हतं.

मामा एका बाभळीपाशी थांबले. खोडाच्या सालीत शेळीचे तीन-चार केस अडकलेले. "इथं मान घासली. हूक टोचला असंल." ते खाली बसले, बोटांनी माती चाळली. आधी साखळी निघाली. मग वीतभर अंतरावर, शेंगांच्या कचऱ्याखाली, अंगठी!

मी तिथेच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मामा, हे कसं जमतं?"

"जमायला काय? रोजचंच हाय." त्यांनी अंगठी धोतराला पुसली, कपाळाला लावली.

घरी त्यांनी काळा लोकरीचा दोरा दुहेरी करून अंगठीतून काढला, टोकं फाशातून ओढून घंटीला मारतात ती गाठ मारली आणि माझ्या गळ्यात बांधला. मग शेळीला बघतात तशी माझ्या मानेत दोन बोटं घालून फास जास्त घट्ट तर नाही ना, तेही पाहिलं. शेवटी खिशातून एक घुंगरू काढलं आणि तेही ओवलं.

"मामा, हे काहून?"

"अंगठी आता हरवत न्हाई," मामा शांतपणे म्हणाले. "हे तुमच्यासाठी."

ते घुंगरू काढू द्यायला बायको आजही तयार नाही. मी कामावर आलो हे साहेबांना जिन्यावरूनच कळतं. चंद्री मात्र बिनघुंगराची फिरते. तिच्यावर मामांचा विश्वास आहे.