दत्तारामचा बिस्किटांचा डबा

दत्ताराम गेल्याचं कळलं ते शेजारच्या फोनवरून. पोफळीच्या वसाहतीतून त्याच्या मुलाने ट्रंककॉल केला होता. महिन्याने आमच्या वाचनालयात शोकसभा झाली, तिथे एक वक्ते प्रेमाने म्हणाले, "आपले आमरसवाले दत्ताराम..." लोक हलकेच हसले. मीही मान खाली घालून बसलो. ते नाव त्याला कसं पडलं हे सांगू शकणारा माणूस आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून हे लिहितो.

लढाईच्या काळात दत्ताराम फौजेच्या शिधा-कोठारात होता. निवृत्त झाल्यावर त्याने फौजी शिध्याचे जुने डबे जमवायला घेतले. फौजेत माणूस नाही असं गाव आमच्याकडे विरळाच, तेव्हा बिस्किटांचे, मटणाचे, दुधाचे डबे कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर पडलेले असत. काहींत खिळे, काहींत बियाणं, काही अजून न फोडलेले. तो एसटीने जाऊन ते मागून आणायचा. भरलेला डबा बोटांनी वाजवून बघायचा. फुगलेला असला तर माडाच्या मुळाशी पुरून टाकायचा. आमच्या खाऱ्या हवेत पत्रा टिकत नाही. म्हणून होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल तो डब्यांना लावी आणि झाकणावर वर्ष आणि कारखान्याचं नाव सांगणारा शाईचा शिक्का असे, त्यावर मेणाचा पातळ हात देई. त्या तेलाने त्याच्या बोटांची सालं निघत. मी विचारलं, "कशाला हा उपद्व्याप?" तर म्हणाला, "पदकं सगळे जपतात रे भाऊ. आम्ही खाल्लं काय, ते कोण विचारतो?"

त्यातला बिस्किटांचा एक डबा त्याने माझ्याकडे ठेवायला दिला. "माझ्या घरी काय झालं तर एक तरी उरू दे."

ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. मी वाचनालयाचा चिटणीस होतो. प्रदर्शन भरवायचं, एक निवृत्त लष्करी अधिकारी येऊन बघणार आणि त्यांना पटलं तर डब्यांना काचेचं कपाट कायमचं द्यायचं, असं ठरलं. दत्ताराम मुलाकडे पोफळीला गेला होता, डबे माझ्या ताब्यात होते. तेलाने काळवंडलेले ते डबे पाहुण्यांपुढे मांडायची मला लाज वाटली. देवाची भांडी घासतात तसे मी ते आमसुलं आणि राखेने घासले. पत्नी म्हणाली, "त्यांना विचारलंत का?" मी म्हटलं, "खूश होईल."

डबे लखलखीत झाले. शिक्का एकाही झाकणावर उरला नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी दत्ताराम पोफळीहून थेट वाचनालयात आला. पाहुण्यांनी दोन-तीन डबे उलटसुलट करून पाहिले. "खूण नाही, साल नाही. हे फौजेचे कशावरून?" मागून कुणीतरी म्हणालं, "मिरजोळ्याच्या कारखान्यातले आमरसाचे असतील. दत्ताराम, फोड की एक, पुऱ्या मी आणतो." हशा पिकला. दत्तारामने माझ्याकडे पाहिलं. त्याने ठेवायला दिलेला तो बिस्किटांचा डबा शिक्क्यासकट माझ्या घरात, दहा मिनिटांच्या वाटेवर होता आणि ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तो आणला असता तर बाकीचे कुणी घासले हेही सांगावं लागलं असतं... मी खुर्च्या सरळ करत राहिलो. तो एकेक डबा पिशवीत भरू लागला. कपाट मिळालं नाही, नाव मात्र मिळालं.

त्यानंतरही दरवर्षी पावसाआधी तो तेलाची बाटली घेऊन माझ्याकडे यायचा. "वैनी, वाईच चाय टाका." डब्याला हात फिरवायचा, मेण तपासायचा आणि शिक्क्याची बाजू भिंतीकडे करून डबा फडताळात आडवा ठेवायचा. आल्यागेल्याने विचारू नये म्हणून. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही.

यंदा तेल मीच लावलं. बोटं अजून हुळहुळतात. शिक्का स्पष्ट वाचता येतो. डबा आता वाचनालयाच्या टेबलावर आडवा ठेवला आहे, आणि शिक्क्याची बाजू मी दाराकडे केली आहे.