बू वागिनेमचा कंगवा

क्लातेनच्या आमच्या दवाखान्यात स्नायूंना सूज येणाऱ्या रुग्णांसाठी एक प्रश्नावली आली. ती आपल्या माणसांवर चालते का, हे तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अकरा जणांनी ती भरली आणि अकराही ठणठणीत निघाले. सगळ्यांत ठणठणीत बू वागिनेम; मोठ्या बाईला आमच्याकडे 'बू', म्हणजे आई, म्हणतात. तिला चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं.

वागिनेमने तीस वर्षं बाजारात टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकल्या. दीड वर्षापूर्वी दंड-मांड्यांतलं बळ गेलं, तेव्हापासून ती घरीच. दर महिन्याला सलाईनमधून औषध मिळतं म्हणून निदान घास तरी गिळता येतो. आता ते औषध या कागदावर ठरणार होतं. त्रास नाही, तर औषध बंद.

"बू, जिना चढता येतो?" मी विचारलं.

"येतो की. भाचा पाठीवर घेतो."

"केस विंचरता?"

"रोज. ही मुर्नी विंचरते." मुर्नी तिची सून, शेजारीच बसलेली.

"अहो, स्वतःच्या हातांनी."

"घरात एवढी माणसं असताना? लोक म्हणतील, सुनेनं टाकलं."

माझं डोकं फिरलं. आमच्याकडे एकट्याने काही करावं लागणं म्हणजे फुटकं नशीब, हे मला का ठाऊक नाही? पण कागद बनवणाऱ्याला कोण सांगणार? मी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटलं आणि तिच्या हातात कंगवा दिला. तो पडला.

"लास्मिनी सिस्टर, कंगवा."

मी चटकन वाकून उचलून दिला.

"बघा," ती म्हणाली, "झाला काही त्रास?"

स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. "बू, आता मी मेले असं समजा."

"मग उचलायला माणसं बोलावू का?"

"विंचरा."

हात छातीपर्यंत आला, थरथरला, खाली पडला. पुन्हा. तिसऱ्यांदा हनुवटीशी अडकला. मला बघवेना. दारात मुर्नी कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. रोज विंचरणाऱ्या तिनेही हे कधी पाहिलं नव्हतं. ती रडायला लागली.

"हिनं पाहू नये म्हणूनच सांगत नव्हते," वागिनेम म्हणाली. "लिहा आता काय लिहायचं ते."

मी 'अजिबात जमत नाही' लिहिलं. मग प्रत्येक प्रश्नापुढे एक रकाना आखला, 'कोणाचे हात?', आणि अकराही जणांना पुन्हा बसवलं. त्यांनी भराभर नावं सांगितली. मागे जादा कागद जोडावे लागले.

वागिनेमचं औषध चालू राहिलं. फक्त वरून एक फोन आला. "कंगव्याच्या प्रश्नापुढे सून मुर्नी लिहिलंय, ते समजलं. पण खाली लास्मिनी असंही नाव आहे. त्या कोण, नातेवाईक का?"

मी हो म्हटलं.