वर्नेल टिब्सची खालची पट्टी

कॅन्सस सिटीच्या अठराव्या रस्त्यावर वर्नेल टिब्सच्या चढ्या सुरावर लोक पैजा लावत. शनिवारी क्लबात जॅझ, रविवारी चर्चमध्ये भक्तिगीतं, गळा एकच. १९६१ च्या हिवाळ्यात त्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. तीन महिने ती पाटीवर लिहून बोलत होती. वरचे सूर परत येणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले होते. पण ते तिने सख्ख्या बहिणीलाही कळू दिलं नव्हतं.

ईस्टरला चर्च खचाखच भरलं. नवी टोपी सावरत बहीण ओलीटा कुजबुजली, "आज दाखवच त्यांना! तुझा क्लबवाला मागे बसलाय. म्हणे, तुझ्या जागी दुसरी हेरून ठेवलीय."

वर्नेल उठून पुढे गेली.

वीस वर्षं साथ करणाऱ्या ल्युशियसने ऑर्गनवर नेहमीची पट्टी धरली. पहिली ओळ तिने कशीबशी निभावली. दुसऱ्या ओळीच्या चढावर आवाज फाटला, नुसती हवा आली. बाकांवरचे हातपंखे हलायचे थांबले. कुणीतरी फिसकन हसलं.

"वेळ घे, पोरी!" म्हाताऱ्या मदर गेन्स पुढच्या बाकावरून ओरडल्या. "देव कुठे पळून चाललाय?"

वर्नेल ऑर्गनपाशी गेली. "खाली घे."

"किती?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

तो एकेका सुराने पट्टी खाली आणू लागला. ती मान हलवत राहिली. नाही. अजून.

"अगं, या पट्टीत पुरुष गातात!"

"थांब. हीच."

आवाज निघाला तो जड, खरखरीत; तिचा तिलाच परका. लांब सूर टिकेना, म्हणून ती शब्द तोडून, बोलल्यासारखं गाऊ लागली. तिसऱ्या ओळीला मदर गेन्स उभ्या राहिल्या, मग सगळं चर्च.

क्लबवाला मात्र गाणं संपायच्या आत निघून गेला. सोमवारी तिच्या जागी दुसरी आली.

वर्नेल वर्षभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. मग ल्युशियसने ओळखीपाळखी काढून एक रेकॉर्ड करवली, त्याच खालच्या पट्टीत. शिकागोपासून मेम्फिसपर्यंत रेडिओवाल्यांनी ती वाजवून वाजवून झिजवली. तेव्हा वर्नेल चव्वेचाळीस वर्षांची होती. पुढे वीस वर्षं तिने चर्चच्या तळघरात मुलींना गाणं शिकवलं. कुणी पहिल्याच दिवशी उंच सूर लावला, की ती म्हणायची, "छान. आता बस, आणि तुझ्या आवाजात गा."