टॅबीकाकूच्या कागदावरचा शब्द

टॅबिथा कॉट्सला वेड्यांच्या इस्पितळात घातलं तिच्या पुतण्यानं, कथबर्टनं. पण कागदावर साक्ष म्हणून नाव माझं आहे : एस्थर पीकॉक, शेजारीण.

उत्तर इंग्लंडातल्या आमच्या स्वेलडेल खोऱ्यात टॅबीकाकूसारखे मोजे कुणी विणत नसे. नवरा शिशाच्या खाणीत गेला, दोन्ही मुलगे घटसर्पानं एकाच आठवड्यात. मग उरलं काय, तर डोंगराकडेचं दगडी घर, वरच्या माळावर वीस मेंढ्या चारायचा हक्क आणि विणायच्या सुया. मेंढ्यांना ती नावानं हाका मारी, नाताळात नवऱ्याचं ताट मांडी. आम्हाला त्यात वावगं वाटत नसे.

कथबर्टला ते घर हवं होतं. बायकापोरांसकट राहायला येतो म्हणाला, तर चर्चच्या दारात, चारचौघांसमोर काकूनं सुनावलं, "मी मेल्यावर ये. तोवर उंबऱ्यावर बूट झटकून परत जात जा." लोक हसले. त्याला ते झोंबलं.

त्या फेब्रुवारीत काकू हरवलेली मेंढी शोधायला बर्फात गेली. सकाळी लोकांना सापडली ती मेंढीला बिलगून बसलेली, हातपाय गारठलेले. कथबर्टला निमित्त मिळालं. आठवड्याभरात तो लंडनहून नवीनच आलेला डॉक्टर घेऊन तिच्या अंगणात हजर.

डॉक्टरची बोली काकूला उमजेना, तिची त्याला. तो काही विचारी, ती हसे आणि विणत राही. आमच्या बायका विणताना पुढेमागे डुलतात, हाताला लय यावी म्हणून. तो ते डुलणं बघून भराभर लिहीत होता. मग त्यानं मला विचारलं, बाई कशी आहे.

मला वाटलं, चार चांगले शब्द बोलावेत, म्हणजे हा निघून जाईल. म्हणाले, "सिली आहे हो ती, बिचारी. कशाला छळता तिला?"

आमच्याकडे बर्फात जन्मलेलं कोकरू सिली, तान्हं मूल सिली, कुणी न उरलेली विधवा सिली. ज्याच्या मनात पाप नाही, ज्याची दया यावी, ते. जुने पाद्री सांगत, पूर्वी देवाची कृपा असलेल्यालाच हा शब्द लावत. शहरात त्याचा अर्थ बिनडोक, हे मी ऐकलं नव्हतं असं नाही. पण आपल्या अंगणात माणूस आपलंच बोलतं. कथबर्ट दरसाल शहरात मेंढ्या विकायला जाई, त्याला दोन्ही अर्थ पक्के ठाऊक. तो गप्प राहिला. डॉक्टरनं माझं नाव दोनदा विचारून घेतलं.

दोन दिवसांनी गाडी आली. काकू विणकाम हातात धरूनच चढली.

जूनमध्ये मी भेटायला गेले. तिथल्या मोठ्या साहेबांनी कागद काढून वाचला : बसल्या जागी डुलते, विनाकारण हसते, आणि शेजारीण सांगते की मंदबुद्धी आहे.

"मी असं बोललेच नाही," मी म्हणाले.

"मग काय बोललात?"

"सिली."

ते हसले. "मग तेच झालं की, बाई."

मी कोकराचं सांगितलं, विधवेचं सांगितलं, पाद्रींचं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद खणात ठेवला.

काकू बाकावर बसली होती. सुया टोकदार म्हणून काढून घेतल्या होत्या. रिकाम्या हातांनी ती डुलत होती.

"कथबर्ट सांगून गेला, तू काय म्हणालीस ते," ती म्हणाली. मी समजवायला लागले, तर तिनं थांबवलं. "मला अर्थ नको सांगूस, एस्थर. त्यांना सांग."

"सांगितला, काकू."

"मग?"

"हसले."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. पुढे मी आणखी दोनदा गेले. ती बाहेर आलीच नाही.

चौथ्या हिवाळ्यात ती तिथंच गेली. तिथल्याच शेतात पुरलं, वर नाव नाही, लोखंडी पट्टीवर आकडा आहे. कथबर्ट तिच्या घरात राहतो. चर्चमध्ये मला वाकून नमस्कार करतो आणि दर नाताळला माझ्याकडे मटणाचा मोठा तुकडा पाठवतो. पहिली दोन वर्षं मी तो परत पाठवला. माझ्या घरात खाणारी सात तोंडं आहेत. आता शिजवते.