बुधवार-शुक्रवारचा सदतीस

ऐंशी सालानंतर आमच्या साखर कारखान्याच्या कोल्हापुरातल्या कचेरीत कॉम्प्युटर आला, आणि मला शिरोळच्या वजनकाट्यावरून उचलून त्याच्यापुढं बसवलं. ऊसतोडणीच्या पाळ्यांची यादी काढायची, एवढंच काम. काही बिघडलं की मशीन कागदावर वेळ आणि एक आकडा छापायचं. आकड्याचा अर्थ जाडजूड इंग्रजी पुस्तकात बघायचा.

एका महिन्यात सदतीस नंबर यायला लागला. तो आला की मशीन बंद. याद्या रखडल्या तेव्हा साहेब म्हणाले, "शनिवारपर्यंत कारण सांगा. नाहीतर मशीन परत, आणि तुम्ही काट्यावर."

पुस्तकात सदतीसपुढं लिहिलेलं, 'तपमान मर्यादेबाहेर'. मशीनच्या खोलीत दोन एसी चालायचे, मी स्वेटर घालून बसायचो. मशीनला थंडी बाधतेय, हे माझ्यासारख्या हुशार माणसाला लगेच कळलं. मी एक एसी बंद केला. तासाभरात सदतीस दोनदा आला.

मग मात्र नादच लागला. जुने कागद फरशीवर पसरून मी लाल पेन्सिलीनं सगळे सदतीस शोधले. बुधवार, शुक्रवार, परत बुधवार, परत शुक्रवार. विजेचा दाब तपासला, रेल्वेचं वेळापत्रक ताडून पाहिलं. काही जुळेना.

शुक्रवारी एसीवाले मिस्त्री आले. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी कागद बघितले.

"सोमवारी, गुरुवारी कायबी हुत न्हाय व्हय?"

"न्हाय, चाचा."

"उपास करतंय जणू," म्हणत ते मशीनच्या मागं गेले.

तिथं गार हवा आत घेणारी जाळी होती, आणि जाळीवर माझी पिशवी टांगलेली. चांगलं मटण संध्याकाळपर्यंत कुठलं राहायला? म्हणून बुधवारी-शुक्रवारी मी ते सकाळीच घेऊन यायचो, आणि कचेरीत त्याहून गार जागा नव्हती.

"तोंड दाबून धरल्यावर ह्यानं श्वास कुठनं घ्यायचा, पावणं?"

पिशवी काढली, मशीन सुरळीत. मला राहवेना, मी ती परत टांगली. वीस मिनिटांत सदतीस. मी इतका खूश झालो की चाचा माझ्याकडं काळजीनं बघायला लागले.

शनिवारी मी साहेबांना लिहून दिलं, 'हवेच्या मार्गात अडथळा होता. दूर केला.'

"कसला अडथळा?"

फाइल म्हणावं असं जिभेवर आलं होतं. "मटण, साहेब. एक किलो."

साहेबांनी कागद फाइलला लावला.

"काट्यावर पाठवलं तर उसाच्या गाडीत ठेवाल," ते म्हणाले. "इथंच बसा."